तीन फ्लॉप्या आणि एक कणगी

मी आयुष्यात एकच वस्तू हरवली आहे, आणि ती मी तीन ठिकाणी जपून ठेवली होती.

सई आणि मिहिर, हे तुमच्यासाठी लिहिते आहे. तुमचे बाबा तुम्हाला सांगतात ना, की आजीसारखं नीटनेटकं राहायला शिका? त्यांनी तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली आहे. उरलेली अर्धी मी सांगते. पुढच्या सुट्टीत तुम्ही याल तेव्हा मुरबाडची ताराआत्या ती सांगणारच आहे, आणि ती सांगताना फार हसते. त्यापेक्षा आधी माझ्याकडून गेलेली बरी.

तर, मी व्यवस्थित आहे. शहापूरच्या शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, पण हजेरीपट कधी शोधावा लागला नाही. घरात लोणच्याच्या बरणीवर तारीख, किल्ल्यांना चिठ्ठ्या, छत्र्यांना नंबर. (छत्र्या तीनच होत्या. पण नंबर होते.) घरात काय कुठे आहे याची एक वही होती, आणि ती वही कुठे आहे हे वहीच्या पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं. त्याचा उपयोग काय, असं तुमच्या आबांनी एकदा विचारलं होतं. मी त्यांना त्यांच्या छत्रीचा नंबर विचारला.

आबा माझ्या अगदी उलट. तानसाच्या पाइपलाइनवर त्यांची सगळी नोकरी गेली. पाइपाच्या कडेनं मैलोन् मैल चालायचं, कुठे पाणी झिरपतंय ते बघायचं आणि परत यायचं. त्यामुळे बोलायची सवय कमी. चष्मा कायम हरवलेला. कुठली वस्तू कुठे ठेवली हे त्यांना कधी सांगता येत नसे, पण गरज लागली की ती वस्तू त्यांना बरोबर सापडायची. मी याला नशीब म्हणत असे.

आणि त्यांच्या घरात एक पद्धत होती, जी मला लग्न होऊन आल्या दिवसापासून खटकत होती. आमचं थोडं भातशेत होतं, घरच्या झिनी जातीच्या भाताचं. दिवाळीच्या तोंडावर झोडणी झाली की त्यातलं बियाणं बाजूला काढायचं आणि त्यातलं निम्मं आबांच्या बहिणीकडे, म्हणजे ताराआत्याकडे, मुरबाडच्या पुढे म्हसा गावाच्या वाटेवरच्या खेड्यात नेऊन ठेवायचं. तिचं निम्मं आमच्याकडे यायचं. का? तर एका घराचं छप्पर गळलं, उंदीर लागले, आग लागली, तरी दुसऱ्या घरी बियाणं शाबूत राहतं. मला कारण पटत होतं, पण पद्धत पटत नव्हती. आपली वस्तू दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याची आपल्या घरात! मग ती वहीत लिहायची कुठल्या पानावर?

आता कॉम्प्युटरकडे येते. तुमचे बाबा परदेशी गेले तेव्हा जाताना त्यांनी तो बाहेरच्या खोलीत बसवून दिला. मी त्याला क्रोशाचं कव्हर केलं आणि तीन महिन्यांत तो शिकून घेतला. आबा त्याला हात लावत नसत. लांबून जायचे, पाहुण्यासमोरून जावं तसे.

मग एक दिवस बाबांची ई-मेल आली आणि तिच्यासोबत सईचा आवाज. सई, तू तेव्हा पावणेदोन वर्षांची होतीस. ती फाइल फोनच्या तारेतून उतरायला अख्खी दुपार लागली. तेवढा वेळ फोन अडकलेला, म्हणून मुरबाडहून फोन करणाऱ्या ताराआत्याला वाटलं आमच्याकडे कोणाचं तरी बरंवाईट झालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीनं ती रडवेल्या चेहऱ्यानं दारात. तिला चहा दिला आणि तुझा आवाज ऐकवला. तेव्हा ती खरीखुरी रडली.

आवाज जेमतेम वीस सेकंदांचा. आधी थोडी खरखर. मग तू म्हणतेस, "आबा, चा झाला?" मग बरीच मोठी शांतता, बहुधा तू बिस्कीट चावत असावीस. आणि मग समाधानानं, "हं."

एवढंच. पण त्या शांततेत आबांचं उत्तर बरोबर मावत होतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांच्या तोंडून आपोआप गेलं, "झाला गं बाय. तुझा झाला?" आणि लगेच आतून तुझं "हं." आबा दचकून माझ्याकडे बघायला लागले. म्हणाले, "आयकलान तिनं."

तेव्हापासून रोज सकाळी चहाचा कप घेऊन ते कॉम्प्युटरसमोर बसायचे. मी बटण दाबून द्यायची. "आबा, चा झाला?" "झाला गं बाय. तुझा झाला?" "हं." मग कप खाली ठेवून ते कामाला लागायचे. कमी बोलणाऱ्या माणसाचं दिवसातलं सगळ्यात ठरलेलं बोलणं ते. दीड वर्षात एकही सकाळ चुकली नाही. दिवे गेलेले असले तर चहा गार होईपर्यंत थांबायचे.

इथवर सगळं ठीक होतं. मग तुमच्या बाबांनी कॅमेरा पाठवला. कॉम्प्युटरवर बसवायचा, म्हणजे तुम्ही आम्हाला दिसणार, आम्ही तुम्हाला. पण आमची विंडोज जुनी, तिला हा कॅमेरा ओळखता येईना. नवी विंडोज बसवायला हवी, आणि बसवण्याआधी आतलं सगळं पुसायला हवं, असं वेखंडेनं सांगितलं.

वेखंडे म्हणजे शहापूरच्या बाजारातला आमचा कॉम्प्युटरवाला. चाळिशीचा गृहस्थ, दोन मुलांचा बाप, आधी टीव्ही दुरुस्त करायचा. पण त्याची खरी ओळख अशी, की तो आठवी ब मध्ये माझा विद्यार्थी होता, आणि 'ही हॅव' लिहिल्याबद्दल मी त्याला एकदा पूर्ण तास उभं केलं होतं. ते तो विसरला नव्हता. या गोष्टीचं मूळ खरं म्हणजे तिथे आहे.

"बाई, समदं पुसलं जाल हां," तो म्हणाला. "जे पायजे त्याचा बॅकअप घेऊन ठेवा. म्हंजे दुसरीकडे कॉपी. मी आयतवारी येतो."

आबा दारात उभे होते. त्यांनी विचारलं, "आपलं बोलणं ऱ्हाईल ना?"

"राहील," मी म्हटलं. "मी आहे ना."

आबांनी मान हलवली. त्यांना तेवढं पुरेसं होतं. मला वाटतं, या सगळ्यात मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट तीच.

मी कामाला लागले. कॉम्प्युटर उघडला की पडद्यावर माझ्या सगळ्या वस्तू समोर रांगेत दिसायच्या. वेखंडेनंच सुरुवातीला तशा लावून दिल्या होत्या, मला सगळं डोळ्यांसमोर लागतं म्हणून. पत्रं, पाककृती, शाळेच्या समारंभातली भाषणं, सईचा आवाज. एकेका चित्राच्या कोपऱ्यात एक इवलासा बाण होता. मला तो शोभेचा वाटला. मी वहीत नवीन पान काढलं, शीर्षक दिलं 'सुरक्षित ठेवलेल्या वस्तूंची यादी', आणि एकेक वस्तू फ्लॉपीत टाकून तिच्यापुढे खूण केली. एकेचाळीस वस्तू. एकेचाळीस खुणा. आणि सगळ्या एकाच फ्लॉपीत मावल्या.

मग मी आणखी दोन प्रती केल्या. एक फ्लॉपी लोखंडी कपाटात, एक देवघराच्या वरच्या फळीवर, एक शिवणाच्या डब्यात. तिन्हींवर लाल शाईनं नाव. आणि व्यवस्थित माणसाचं वैशिष्ट्य असं, की तो ठेवलेलं तपासून बघतो. मी तिन्ही फ्लॉप्या एकेक करून कॉम्प्युटरमध्ये घातल्या आणि सईच्या नावावर दोनदा टिचकी मारली. तिन्ही वेळा सई बोलली. तिन्ही वेळा आबांनी आतल्या खोलीतून उत्तर दिलं. यापेक्षा जास्त काय तपासायचं, तुम्हीच सांगा.

रविवारी वेखंडे आला. हात पुसून खुर्चीवर बसला.

"बाई, बॅकअप घेतला ना?"

"घेतला."

"किती फ्लॉप्या लागल्या?"

"एक. बाकी दोन जास्तीच्या प्रती आहेत."

वेखंडेचा हात थांबला. "एकच? पण आवाजाची फाइल हाय ना तुमची? तीच एकटी मोठी असते. नाय, म्हंजे मी आपलं..."

"वेखंडे, एकेचाळीस वस्तू आहेत. नीट लावल्या की मावतात."

त्यानं फ्लॉपी उलटसुलट करून बघितली. "मी एकदा बगू का आत?"

मी चष्म्याच्या वरून त्याच्याकडे पाहिलं. दुसरं काही केलं नाही. पण तो खुर्चीतच थोडा सरळ झाला.

"तीनदा तपासली आहे," मी म्हटलं.

"मग काय. बाईंनी तपासलं म्हंजे झालंच." आणि कपाळाला हात लावून नमस्कार केल्यासारखं करून त्यानं बटण दाबलं.

दुपारी नवी विंडोज आली. हिरवं माळरान, निळं आकाश, अगदी दिवाळीत रंग काढलेल्या घरासारखी. कॅमेरा तिनं लगेच ओळखला. मी सगळ्यांना चहा ठेवला आणि आबांना हाक मारली. फ्लॉपी घातली. सईच्या नावावर दोनदा टिचकी मारली.

पडद्यावर एक छोटी चौकट आली. तिच्यात एक चिमुकली बॅटरी, म्हणजे टॉर्च, काहीतरी शोधत इकडून तिकडे फिरायला लागली. फिरली, फिरली, आणि थांबली. आबा कप हातात घेऊन उभे होते.

"काय म्हणते ती?" आबांनी विचारलं.

"शोधते आहे," मी म्हटलं.

दुसरी फ्लॉपी. बॅटरी. तिसरी फ्लॉपी. बॅटरी. वेखंडेनं फ्लॉपी काढून हातात घेतली, परत घातली, आत काय आहे ते बघितलं, आणि पटकन फ्लॉपी बाहेर काढली.

"आबा," तो म्हणाला, "स्पीकरची वायर सैल झालेय वाटतं. तुमी बसा, मी बगतो."

आबा बाहेर ओट्यावर जाऊन बसले. वेखंडेनं आवाज हळू केला. "बाई, ह्यो जो बाण हाय ना, त्याला शॉर्टकट म्हनतात. त्यो म्हंजे निस्ता पत्ता. वस्तू कुठे ठेवलेय त्याची चिठ्ठी. वस्तू आत दुसरीकडे व्हती."

"पण फ्लॉपीतून सई बोलली. तीनदा."

"बोलनारच. पत्ता फ्लॉपीत, घर कॉम्प्युटरात. चिठ्ठी दावली, ती गेली घरी, दार वाजवलं, पोरगी बोलली." त्यानं तिन्ही फ्लॉप्या एकावर एक रचल्या. "आता चिठ्ठ्या तीन हायेत, बाई. घर आपण सकाळी पाडलं."

मी खुर्चीवर बसले. एकतीस वर्षांत मी कितीतरी मुलांना सांगितलं होतं, की उत्तर लिहिण्याआधी प्रश्न नीट वाचा.

"तू मला थांबवायला हवं होतंस," मी म्हटलं.

"मी?" वेखंडे म्हणाला. "तुमाला?"

त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. तो बिचारा दोन दिवस कॉम्प्युटर दुकानात घेऊन बसला. पुसलेलं परत आणायची एक सीडी त्यानं कुठून तरी मिळवली. तिसऱ्या दिवशी कॉम्प्युटर परत घेऊन आला तो मान खाली घालून.

"एक फाइल सापडली, बाई."

माझ्या जीवात जीव आला. "कुठली?"

"तुमी टाइप करून ठेवलेली. 'सुरक्षित ठेवलेल्या वस्तूंची यादी'."

(होय, ती यादी मी कॉम्प्युटरवरही केली होती. तिचा मात्र शॉर्टकट केला नव्हता.)

मी तुमच्या बाबांना फोन लावला. म्हटलं, "अरे, तो सईचा आवाज तुझ्याकडे असेल ना?" ते म्हणाले, "नाही गं आई, तो जुन्या कॉम्प्युटरबरोबर गेला. पण काळजी कसली, तुझ्याकडे आहे ना. तू कधी काही हरवतेस का?" मी म्हटलं, "छे." आणि फोन ठेवला.

आता आबांना सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. सई, मिहिर, मी खोटं बोलणाऱ्या मुलांना शंभर वेळा एकच ओळ लिहायला लावलेली बाई आहे, आणि त्या आठवड्यात मी रोज सकाळी चहाबरोबर एक खोटं बोलले. सोमवारी म्हटलं, स्पीकर दुरुस्तीला गेले, आणि त्यांच्यासोबत कॉम्प्युटरही. मंगळवारी म्हटलं, नवीन विंडोजला दोन दिवस मुरू द्यावं लागतं. आबा म्हणाले, "लोणच्यागत?" मी म्हटलं, "तसंच."

गुरुवारी सकाळी बघते तर आबा शेजाऱ्यांचे स्पीकर मागून घेऊन आलेले.

"ते आपल्याला चालत नाहीत," मी घाईनं म्हटलं.

आबांनी वायर लावली, बटण दाबलं. नवी विंडोज सुरू होतानाचं संगीत खोलीभर वाजलं.

"चालतात की," आबा म्हणाले.

मी म्हटलं, गॅसवर दूध आहे, आणि आत गेले. गॅसवर काही नव्हतं.

मग मी आणखी एक मार्ग काढला. तुमच्या बाबांना कळवलं, की सईचा ताजा आवाज पाठव. त्यांनी पाठवला. सई, तू आता साडेतीन वर्षांची झाली होतीस आणि एका दमात बोलत होतीस. "हाय आबा, माझी न्यू सायकल आहे, रेड आहे, मी काल पडले, पण रडले नाही, थोडीशी रडले, मिहिर बेबी आहे, तो सगळं खातो, बाय आबा."

आबांनी तो शांतपणे दोनदा ऐकला. दोन्ही वेळा उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि दोन्ही वेळा मिटलं. मध्ये जागाच नव्हती.

"छान बोलते," ते म्हणाले. मग कपाकडे बघत म्हणाले, "पण ही सांगते. ती इचारायची."

मग माझ्यानं राहवलं नाही. मी सगळं सांगितलं. बाण, पत्ता, घर, वेखंडे, दूध, सगळं. आबा ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "तिन्ही फ्लॉप्यांवर नाय?"

"तिन्हींवर नाही."

"म्हंजे तीनदा हरवलं."

ते टोमणा मारत नव्हते. मोजत होते. मला टोमणा चालला असता. मग ते उठले, खुंटीवरची टोपी घेतली, झटकली, आणि परत खुंटीवर ठेवली.

"उद्या ताराकडे जायला लागंल," म्हणाले.

मला वाटलं, झालं. छत्तीस वर्षांच्या संसारात हा माणूस पहिल्यांदा माझी तक्रार घेऊन बहिणीकडे निघाला.

दुसऱ्या दिवशी आम्ही किन्हवलीवरून मुरबाडची एसटी धरली. म्हशाची जत्रा दोन दिवसांवर आलेली, त्यामुळे मुरबाडपासून पुढे गाडीत पाय ठेवायला जागा नाही. माझ्या मांडीवर कोणाचं तरी गाठोडं, आबांच्या पायाशी कोणाची तरी कोंबडी. वाटभर मी तीनदा विचारलं, "आपण ताराकडे कशाला जातोय?" आबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पोचल्यावर कळंल." पाइपलाइनवरच्या माणसाची ही सवय. पाणी कुठून येतंय हे तो कधी सांगत नाही; नळाखाली भांडं धर म्हणतो.

ताराआत्या अंगणात घोंगड्या झटकत होती. "अगो बाय, वयनी! आज कशी वाट सापडली?"

आबा ओट्यावर टेकले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "तारा, कणगी फोडायला लागंल."

कणगी म्हणजे बांबूची विणलेली, शेणामातीनं सारवलेली उंच कोठी. माजघराच्या कोपऱ्यात उभी होती. वर झाकण, आणि झाकणाची फट मातीनं लिंपून बंद केलेली. आमचं निम्मं बियाणं त्या वर्षी तिच्यात होतं.

आत्याच्या हातातली घोंगडी खाली आली. "कणगी? दादा, पौष चाललाय. मिरगाच्या आदी बियाण्याचं तोंड उघडाचं नाय, आयनं काय सांगलं व्हतं?"

"सांगलं व्हतं."

"मग? पेरायचंय काय आता थंडीत?"

"नाय. आत काय ठेवलंय ते पायजे."

"ती पिशवी? ती मिरगाला देते. तूच बोललास, बियाण्यागत जप. मी जपतेय."

"आता पायजे."

"आता काय एवढं अडलंय?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. "ते वयनीला इचार."

आता मुलांनो, एक गोष्ट तुम्हाला माहीत हवी. या आत्याला मी तीस-पस्तीस वर्षं वळण लावत होते. तिच्या डब्यांना मी चिठ्ठ्या लावून दिल्या होत्या (तिला वाचता येत होतं, पण तिनं त्या काढून चुलीत घातल्या). ती किल्ल्या ठेवून विसरायची तेव्हा मी तिला वही भेट दिली होती. त्या वहीवर तिची सून धोब्याचा हिशेब लिहायची.

"वन्सं," मी म्हटलं, "माझ्याकडून एक वस्तू गहाळ झाली आहे."

"गहाळ म्हंजे?"

"म्हणजे सापडत नाही."

"हरवली?"

"हो."

"कोनी हरवली?"

मी आबांकडे पाहिलं. ते छपराचे वासे मोजत होते.

"मी," मी म्हटलं.

आत्या हळूच पाटावर बसली. घोंगडी मांडीवर घेतली. "परत सांगा."

"मी हरवली, वन्सं. सईचा आवाज. मीच पुसायला लावला."

"सुरेखा," आत्यानं परसात हाक मारली. "अगो, भांडी ऱ्हाऊ दे, भायेर ये. वयनी काय सांगतात आयक."

सून हात पुसत आली. मला ते तिसऱ्यांदा सांगावं लागलं. आत्याचं समाधान होईपर्यंत सांगावं लागलं, तिन्ही फ्लॉप्यांसकट, बाणासकट. मग ती उठली, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि अगदी मायेनं म्हणाली, "व्हतं असं, वयनी. तुमी आपली एक वही करा."

पण कोयता तिनं स्वतःच आणला. कोयत्याच्या पाठीनं झाकणाची माती ठोकली, कणगीसमोर हात जोडून काहीतरी पुटपुटली, आणि खांद्यापर्यंत हात बियाण्यात घातला. बराच वेळ नुसता भाताचा सळसळ आवाज. आणि मग हात वर आला तो प्लॅस्टिकच्या पिशवीसकट. सुतळीची घट्ट गाठ. आत एक कॅसेट. तिच्यावर आबांच्या वाकड्या अक्षरात लिहिलेलं: सई. चा.

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कशावर तरी चिठ्ठी लावली होती.

"भाऊबिजेला बियाणं आणलं ना, तवा ठेवली," आबा म्हणाले. "आपला टेप लावून धरला व्हता कॉम्प्युटरसमोर. म्हटलं, एका घरी कशाला ठेवायची समदी."

मी पिशवीची गाठ सोडवायला घेतली. आणि तेवढ्यात सून म्हणाली, "पण दिवे नायत. चारला येतात."

चारपर्यंत थांबायची ताकद माझ्यात नव्हती. आत्याच्या मुलाचा टेप कपाटावर होता, पण त्यात सेल नव्हते. बॅटरीतले दोन काढले. आणखी दोन लागत होते. आत्यानं भिंतीवरचं घड्याळ उतरवलं, एक मिळाला. चौथा रेडिओतून. त्या घरातली वेळ, उजेड आणि बातम्या बंद करून आम्ही पाच जण, म्हणजे आम्ही चौघं आणि सुरेखाच्या कडेवरचं तिचं मूल, टेपभोवती बसलो.

आधी कुठल्याशा भजनाचं शेपूट वाजलं. मग खट्. मग कुकरची शिटी, आमच्याच स्वयंपाकघरातली. मग खरखर.

"आबा, चा झाला?"

"झाला गं बाय. तुझा झाला?" कॅसेटमधले आबा म्हणाले.

"झाला गं बाय. तुझा झाला?" शेजारी बसलेले आबाही म्हणाले. दोन्ही अगदी एका वेळी.

"हं."

आत्यानं पदर डोळ्यांना लावला. मी पण. पुसलेल्या फाइलमध्ये नुसता सईचा प्रश्न होता. हिच्यात उत्तरही होतं. मी टेप बंद करायला हात पुढे केला, पण आबा म्हणाले, "थांब, अजून हाय."

आणि मग कॅसेटमधून, स्वयंपाकघराच्या दिशेनं, एकतीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या खणखणीत आवाजात, मी साफ विसरलेलं माझंच वाक्य आलं:

"अहो, कशाला त्या टेपचा खेळ करताय? कॉम्प्युटरमध्ये आहे ते! आणि माझ्याकडे ठेवलेलं आजवर कधी हरवलंय का?"

खट्.

सुरेखानं मुलाचं नाक पुसायला तोंड फिरवलं. शेवटी आत्या म्हणाली, "दादा, तेवढं परत लाव."

"सईचं?"

"नाय. वयनीचं."

कॅसेट घेऊन आम्ही परत आलो. वेखंडेनं ती वायर लावून कॉम्प्युटरात उतरवली, आणि या वेळी मला न विचारता आत उघडून बघितली. मी त्याला हळूच म्हटलं, "शेवटचं वाक्य तेवढं कापता येईल का रे?" तो आबांकडे बघायला लागला.

"कापू नको," आबा म्हणाले. "ती पण घरातलीच हाय."

म्हणून ते वाक्य राहिलं. पुढे सात वर्षं रोज सकाळी आबांनी चहा घेताना ते ऐकलं, आणि रोज त्या वाक्याला कप खाली ठेवला. आता आबा नाहीत. आता चहाच्या वेळी बटण मीच दाबते. सई विचारते, आबा सांगतात, आणि मग मी दोघांना शहाणपण शिकवते. मधल्या जागेत मला काही बोलावं लागत नाही. तिथे आधीच कोणीतरी आहे.

या पत्रासोबत त्याची सीडी पाठवते आहे. सईचं "हं" झालं की बंद केलीत तरी चालेल. पुढे ऐकण्यासारखं काही नाही. वेखंडेनं एक प्रत दुकानात ठेवली आहे, आणि मूळ कॅसेट दर दिवाळीला बियाण्याबरोबर आत्याच्या कणगीत जाते. वहीत तिची नोंद मात्र मी केलेली नाही. मी जपून ठेवलं अशी नोंद केली की वस्तूचं काय होतं, ते तुम्ही आत्ताच वाचलंत.